सूनबाई बॅडमिंटन खेळतात

बॅडमिंटन सुधारायचं असेल तर पहिली गोष्ट, मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमात मामाला बोलू देऊ नये. रॅकेट, बूट, मनगट हे सगळं नंतरचं. माझं बॅडमिंटन तिथेच बिघडलं, आणि तोवर मी ते एकदाही खेळलेले नव्हते.

सांगलीला मामाच्या घरी पाहुणे आले होते. ते वाशीहून आलेले. वाशी तेव्हा अगदी नवी होती. धडधाकट माणसं मुंबई सोडून खाडीपलीकडे राहायला जातात, हे आमच्याकडे कुणाला खरं वाटत नव्हतं. मुलाचे वडील चहा पिता पिता सांगत होते, की बिल्डिंगपुढे मोकळी जागा आहे, तिथे आम्ही फक्की मारून बॅडमिंटनचं कोर्ट आखलंय, रोज संध्याकाळी खेळतो. मामाचं कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाइकाचा डोळा कोणत्या ताग्यावर आहे हे त्याला गिऱ्हाइकाच्या आधी कळायचं.

थोड्या वेळाने त्यांनी मला विचारलं, "छंद काय आहेत?"

विणकाम सांगायचं असं ठरलं होतं. टेबलावर क्रोशाचा रुमाल त्यासाठीच अंथरला होता, आणि तो शेजारच्या काकूंनी विणलेला होता. मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाला, "बॅडमिंटन. कॉलेजच्या टीममध्ये होती."

पुरावा म्हणून त्याने अल्बम आणला. त्यात खरंच माझा रॅकेट घेतलेला फोटो होता. गॅदरिंगच्या वेळी खेळाच्या फोटोत मुली कमी पडत होत्या, म्हणून बाहेर व्हरांड्यात उभ्या असलेल्या आम्हा दोघी-तिघींना ओढून बसवलं होतं. रॅकेट माझ्या मांडीवर ठेवली होती. तिचा आणि माझा संबंध तेवढाच. पण फोटो बघून त्या गृहस्थांचा चेहरा असा काही उजळला, की खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी खाली मान घातली. सगळ्यांना तो विनय वाटला.

लग्न झालं. आठवड्याच्या आत सासूबाईंनी मेथी निवडता निवडता मला सांगितलं, की त्यांच्या मनात दुसरीच मुलगी होती. त्यांच्या नात्यातली, बँकेत नोकरी करणारी. "पण ह्यांनी हट्ट धरला. म्हणाले, मैदानात उतरणारी सून हवी." त्यात राग नव्हता, नुसती माहिती होती. पण माझ्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. आपल्याकडे लग्नात फसवलं, हा आरोप लवकर पुसला जात नाही. आमच्या ओळखीतल्या एका मुलीने चष्मा लपवला होता, तर तिच्या मुलाच्या बारशापर्यंत तो चष्मा बोलण्यात निघत राहिला. मी तर अख्खा खेळ लपवला होता.

आमच्या ह्यांना मी खरं ते सांगून टाकलं. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत ते पाळ्या करायचे आणि घरी आले की झोपायचे. आधी ते पोट धरून हसले, मग गंभीर झाले. म्हणाले, "बाबांना सांगू नकोस. सगळ्या सोसायटीला सांगून बसलेत ते. आईला कळलं तर बाबांचं काही खरं नाही. त्यापेक्षा लवकर शिकून घे."

तेव्हा दुसरा सल्ला असा, की रॅकेट हातात आली तर घाई करू नये. त्या काळी रॅकेटी लाकडी. खाडीच्या दमट हवेत त्या वाकू नयेत म्हणून लाकडी चौकटीत, म्हणजे प्रेसमध्ये, आवळून ठेवायच्या. चार कोपऱ्यांना चार स्क्रू. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मला अशी एक प्रेसमधली रॅकेट दिली आणि म्हणाले, "चल सूनबाई, उतर खाली." स्क्रू कसे फिरवायचे ते मला कळेना आणि विचारायची लाज वाटली. मी प्रेससकटच खाली गेले आणि नुसतीच हवेत रॅकेट फिरवत राहिले. हात भरून आला.

मामंजी बघत उभे राहिले. म्हणाले, "आधी वजन घेऊन सराव? बरोबर. मनगट तयार होतं." दुसऱ्या दिवसापासून तेही प्रेससकट रॅकेट फिरवू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण करणार काय. फोर्टातल्या एका ऑफिसात त्यांनी उभी हयात नोकरी केली होती, तिथल्या जिमखान्यात बॅडमिंटन शिकले होते, आणि वाशीच्या आमच्या चार बिल्डिंगींत त्यांचा स्मॅश उचलणारा माणूस नव्हता. असा माणूस माझं बघून सराव करत होता.

पोशाखाबद्दल थोडंसं. साडीत बॅडमिंटन खेळता येतं. पदर कमरेला घट्ट खोचावा, निऱ्या वर ओढाव्यात आणि फूल आपल्यापासून दोन हातांवर पडणार असं दिसलं तर ते दुसऱ्याचं समजावं. शटलला आम्ही सगळे फूलच म्हणायचो. पुढे सासूबाईंनी पंजाबी ड्रेसची परवानगी दिली, तीही मामंजींनी दोन दिवस अबोला धरल्यावर. ड्रेस आला आणि माझी एक चांगली सबब गेली.

आता पकडीबद्दल. रॅकेट कशी धरायची हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं, म्हणून आयुष्यात आधी जे धरलं होतं तशीच धरली. तव्यावरचं थालीपीठ उलटायला उलथनं धरतो तशी, अंगठा वरून सपाट दाबून. त्या पकडीने समोर आलेलं फूल बऱ्यापैकी परत जातं. डावीकडे आलं की आपणच उलटतो. मामंजींनी प्रेस सोडवून रॅकेट हातात दिली, त्या दिवशीच त्यांचं तिकडे लक्ष गेलं. बराच वेळ माझ्या हाताकडे बघून त्यांनी विचारलं, "कॉलेजात आता असं धरायला शिकवतात का?"

मी म्हटलं, "हो."

ह्या दोन मात्रांच्या शब्दाची लाज मला आजही वाटते. मामाचं खोटं मामाचं होतं, हे मात्र माझं. "अस्सं," एवढंच म्हणून ते आपल्या जागी गेले.

लपून शिकायचं असेल तर गच्ची बरी. दुपारी सासूबाई आडव्या झाल्या, की मी वर जाऊन पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर नायलॉनचं फूल मारत बसायची. भिंत फार चांगली खेळाडू असते, ती कधी चुकत नाही आणि कुणाला सांगत नाही. गच्चीवरून पलीकडची मिठागरं दिसायची आणि मार्केटकडे जाणारे कांद्याचे ट्रक. वारा तिकडून असला की सगळ्या सेक्टरला कांद्याचा वास यायचा. एकदा माझं फूल वाळत घातलेल्या कुरडयांत पडलं आणि नेमक्या सासूबाई वर आल्या. म्हणाल्या, "एवढी कॉलेजची खेळाडू तू, भिंतीशी काय खेळतेस?"

"हाताची सवय सुटायला नको, म्हणून."

"बाई गं," त्या म्हणाल्या, आणि मोडलेल्या कुरडया वेचायला लागल्या. मीही वेचू लागले.

सराव केल्याने खेळ सुधारतो म्हणतात. माझा थोडासा सुधारला. पण मैदानावर खेळापेक्षा आव उपयोगी पडतो, हे मी त्याआधीच शिकले. संध्याकाळी खाडीवरून वारा सुटला की फूल कुठेही जायचं. ते आपल्या आवाक्याबाहेर गेलं की धावू नये. जागीच उभं राहून शांतपणे "आउट" म्हणावं. घाईने म्हटलं तर लोक बघायला येतात, शांतपणे म्हटलं तर मानतात. सर्व्हिस करताना आधी वाऱ्याकडे तोंड करून डोळे बारीक करावेत. त्याने काही होत नाही, पण समोरचा घाबरतो.

ह्या आवाचा परिणाम असा झाला, की बिल्डिंगमधल्या बायका माझ्याकडे शिकायला येऊ लागल्या. नाही म्हणणारी मी कोण? नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. चार-पाच जणी रांगेत उभ्या राहायच्या, अंगठा दाबून उलथन्यासारखी रॅकेट धरायच्या आणि डावीकडे आलेलं प्रत्येक फूल सोडून द्यायच्या. मामंजी कडेला उभे राहून कौतुकाने बघायचे. रात्री जेवताना सासूबाईंना सांगायचे, "बघ, सगळ्या सोसायटीला वळण लावलंय सूनबाईने." मी ताक आणायला उठायची.

दुहेरीत भागीदाराच्या फार जवळ जाऊ नये, हाही माझा एक सल्ला होता. त्याचं खरं कारण वेगळं होतं. पाय लागला की नमस्कार करायचा हे आपल्या अंगात इतकं भिनलेलं असतं, की ते आपण करतोय हेही कळत नाही. माणसाला लागो, पुस्तकाला लागो, सांडलेल्या धान्याला लागो, हात खाली जातोच. आणि माझे भागीदार म्हणजे सासरे. त्यांना पाय लागण्याची मला इतकी धास्ती, की मी कोर्टाचा आपला कोपरा धरून असायची आणि मधला पट्टा मोकळा राहायचा. मामंजींनी त्याचाही अर्थ लावला. म्हणाले, "आपापली बाजू वाटून घ्यायची पद्धत दिसते." मग तेही त्यांच्या कोपऱ्यात. मध्ये पडलेल्या फुलाकडे आम्ही दोघे आदराने बघायचो.

सव्वीस जानेवारीला सोसायटीचा सत्यनारायण असायचा आणि त्याला जोडून स्पर्धा. सकाळी लिंबू-चमचा, संगीत खुर्ची, दुपारी पूजा, संध्याकाळी बॅडमिंटनच्या मिश्र दुहेरीची फायनल. मामंजींनी दिवाळीपासूनच आमची जोडी जाहीर केली होती. ते दर वर्षी जिंकायचे, पण त्यांची आधीची भागीदार बदली होऊन गेली होती. ह्या वर्षी कप घरातच दोघांना, असं ते म्हणायचे. एक गोष्ट मला तेव्हाही जाणवत होती, की त्या हिवाळ्यात मामंजी पूर्वीसारखे खेळत नाहीत असं लोक कुजबुजतात. त्यांचा स्मॅश बाहेर जायला लागला होता. मला वाटलं, वय झालं.

तरी फायनलपर्यंत आम्ही पोचलो. समोर तळमजल्यावरचं जोडपं होतं. तो पलीकडच्या जुन्या गावचा, जमिनी नव्या शहरात गेल्यावर रेती-विटांच्या धंद्यात शिरलेला. त्याची बायको अनवाणी खेळायची आणि हसत हसत असं फूल मारायची, की मागे सरायलाही वेळ मिळायचा नाही. सगळी सोसायटी प्रसादाचे द्रोण हातात घेऊन कडेने उभी होती. सासूबाई खुर्चीवर, अगदी पुढे. सहसा त्या खाली यायच्या नाहीत. आज सुनेचा खेळ बघायला आल्या होत्या.

मी जीव तोडून खेळले. खरंच. टाकीच्या भिंतीने शिकवलेलं सगळं त्या दिवशी उपयोगी पडलं. त्यांचे चौदा झाले, आमचे तेरा, सर्व्हिस त्यांची. तेव्हाच्या नियमाने पंधराव्या गुणाला संपायचं. त्याने सर्व्हिस केली, मामंजींनी परत केली, तिने मारलं, मी कसंबसं उचललं, त्याने परत टोलवलं, आणि मग फूल उंच जाऊन नेमकं आमच्या मधल्या पट्ट्यात उतरू लागलं. आता मात्र धावायलाच हवं होतं. मी माझ्या कोपऱ्यातून धावले, मामंजी त्यांच्या कोपऱ्यातून. माझा पाय त्यांच्या पायावर चांगला पडला.

मी वाकले. मनात काही आलं नाही, विचार केला नाही. रॅकेट डाव्या हातात गेली, उजवा हात त्यांच्या बुटाला लागला आणि कपाळाला आला. आणि मामंजींचाही हात आपोआप वर आला. "सुखी राहा," ते म्हणाले. त्यांच्या हातातली रॅकेट माझ्या डोक्यावर टेकली. फूल आमच्या बाजूला हळूच पडलं.

माइकवरच्या गृहस्थांना हा गुण कसा जाहीर करावा ते सुचेना. मग समोरचा जाळीजवळ आला आणि हात जोडून म्हणाला, "काका, पॉइंट आमचा हाय. पन आशीर्वाद ऱ्हाऊ द्या, तो परत घेऊ नका." आणि हशा जो उसळला, तो बक्षिसं वाटून होईपर्यंत थांबला नाही. पुढे कित्येक दिवस पोरं कोर्टावर एकमेकांच्या पाया पडत खेळायची. मी भाजी आणायला निघाले, की जिन्यात बायका पदर तोंडाला लावायच्या. पण ही लाज सोसण्यासारखी होती. हसं झालं होतं, चोरी सापडली नव्हती.

मला सोसलं नाही ते दुसरंच. मामंजी ज्याला त्याला सांगत सुटले, की चूक माझी, मी मध्ये आलो, सूनबाई एकटी असती तर तिने उचललं असतं. घरातही तेच. सासूबाईंनासुद्धा तेच. ते ऐकून मला जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गॅलरीत बसून रॅकेटी प्रेसमध्ये घालत होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"मामंजी, मला बॅडमिंटन येत नाही."

"एका गुणाने काय होतं? पुढल्या वर्षी बघू."

"तसं नाही. मला कधीच येत नव्हतं. टीममध्ये मी नव्हते. फोटोसाठी बसवलं होतं."

ते स्क्रू फिरवायचे थांबले. "आणि हा प्रेससकटचा सराव?"

"मला ती उघडता येत नव्हती."

"बाजू वाटून घ्यायची पद्धत?"

"तुम्हाला पाय लागेल म्हणून."

आता ते हसतील असं मला वाटलं. ते हसले नाहीत. त्यांनी रॅकेट बाहेर काढली, हातात धरली आणि स्वतःच्या मुठीकडे बघितलं. अंगठा वरून सपाट दाबलेला होता. उलथनं धरतात तसा. "मग ही पकड?" त्यांनी विचारलं.

मी इतके महिने त्यांच्याबरोबर खेळत होते आणि त्यांच्या हाताकडे एकदाही नीट बघितलं नव्हतं. मी माझीच चोरी सांभाळत होते.

"मला तेवढीच येते," मी म्हटलं. "थालीपीठ उलटताना धरतो तशी."

"मला वाटलं, आपण जुन्या वळणाचे," मामंजी म्हणाले. "जिमखान्यात शिकलो त्याला जमाना झाला. आता काहीतरी नवीन शास्त्र निघालं असेल. म्हटलं, घरातच शिकवणारी आहे, तर शिकून घ्यावं." ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते नुसते मुठीकडे बघत राहिले. एका माणसाने मोठ्या आनंदाने मला घरी आणलं, आणि मी त्याच्या हातातला त्याचा एकुलता एक शौक बिघडवून ठेवला. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तुझ्या सासूला ठाऊक आहे?"

"नाही."

"बरं," ते म्हणाले, आणि स्क्रू आवळायला लागले.

त्या संध्याकाळपासून ते जुनी पकड परत आणायच्या मागे लागले. पण साठीतला हात एकदा नवीन शिकला, तेच नवल. पुन्हा मागे जायला तो तयार होईना. चार फटके जुन्या पद्धतीने मारले की पाचव्याला अंगठा वर यायचा. स्मॅश जाळीत, ड्रॉप बाहेर. ज्यांना त्यांनी वर्षानुवर्षं हरवलं होतं, ते त्यांना हरवू लागले. मी कडेला उभी राहून बघायची. मदत करावी म्हटलं, तर मीच काय ती मदत करून बसले होते. शेवटी त्यांनी नाद सोडला आणि माझ्याच पकडीने खेळू लागले.

एकदा तळमजल्यावरचा तोच गृहस्थ समोर होता. कोर्टाभोवती नेहमीची मंडळी होती, माझ्याकडे शिकणाऱ्या बायका होत्या आणि बाजाराची पिशवी घेऊन परतलेल्या सासूबाई क्षणभर तिथेच थांबल्या होत्या. तो सर्व्हिसची वाट बघत होता. बघता बघता त्याने मोठ्याने विचारलं, "काका, आदी तुमी काय झ्याक खेलायचे. आता ह्ये रॅकेट असं काय धरता? कोनी शिकवलं ह्ये तुमाला?"

बायकांनी माझ्याकडे बघितलं. सासूबाईंनी आधी मामंजींच्या हाताकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या रॅकेटकडे. मी फक्कीच्या रेघेकडे नजर लावून उभी राहिले. आता माझं नाव निघणार, मग फोटो निघणार, मग सांगली निघणार, आणि ते निघायलाच हवं असं मला वाटत होतं.

"आमच्याकडे असंच धरतात," मामंजी म्हणाले, आणि त्यांनी सर्व्हिस केली. ती जाळीत गेली.